बोटीवरच्या जेवणाला काय नेसायचं?

आमची मोठ्याई समोरच्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी त्याच्या कपड्यांकडे. दारात पाऊल टाकलं की वरपासून खालपर्यंत एक नजर फिरायची आणि लगेच निकाल लागायचा. "साखरपुड्याहून आला व्हय रे बापू? मुलीकडचे तालेवार दिसतात." मी खरोखरच साखरपुड्याहून आलेलो असायचो आणि मुलीकडचे खरोखरच तालेवार असायचे. माझ्या चुरगळलेल्या शर्टावरून व्याह्यांची ऐपत तिला कशी कळायची, हे मला अजूनही कळलेलं नाही. तसं मला आयुष्यात बरंच काही कळलेलं नाही, पण कपड्यांच्या बाबतीत मी अगदीच आंधळा. बायको नवी साडी नेसून समोर उभी राहिली की मी म्हणतो, "छान आहे, ही जुनीच ना?" आणि मग दोन दिवस घरात शांतता असते.

मोठ्याई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. घर मुकुंदवाडीला, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत. आमच्या शहरात हायकोर्टाचं खंडपीठ आहे याचा आम्हाला फार अभिमान; पण आमच्या खानदानाचं खंडपीठ मुकुंदवाडीला भरायचं, तिच्या ओट्यावर. चुलतभाऊ तिला मागून 'खंडपीठ'च म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. आणि तिथं खटले कसले चालायचे? तर कोणत्या कार्याला कुणी काय घालायचं. पिशोरहून फोन, कन्नडहून फोन, पुण्याला गेलेल्या पोरींचे फोन. मोठ्याई एका हातानं लसूण सोलत दुसऱ्या हातानं फोन धरायची आणि निकाल द्यायची. अपील नाही.

तिचे नेम एकेक ऐकण्यासारखे होते. आजाऱ्याला बघायला जाताना कडक इस्त्रीचं घालायचं नाही. त्याला वाटतं, हा मला बघायला आलाच नाही, लग्नाला चालला होता, वाटेत डोकावला. मुलगी बघायला जाताना मुलाच्या आईनं दोन नंबरची साडी नेसायची. एक नंबरची नेसली तर होणारी सून घाबरते, आणि तीन नंबरची नेसली तर तिचा बाप. कोर्टाच्या तारखेला नवं घालायचं नाही, वकील फी वाढवतो. पोराच्या कॉलेजातून तक्रारीसाठी बोलावणं आलं तर बापानं चष्मा लावून जायचं, लागत असो वा नसो. मी हा शेवटचा नेम आमच्या श्रुतीच्या वेळी पाळला होता. प्रिन्सिपॉलबाईंनी मला खुर्ची दिली, चहा पाजला आणि तक्रार राहूनच गेली. दुसऱ्याच्या चष्म्यातून मला त्या नीट दिसत नव्हत्या, एवढाच काय तो त्रास.

या सगळ्यामागे तिची एक ठरलेली पद्धत होती. कुणी फोन करून "काय घालू?" असं विचारलं की ती आधी विचारायची, "कार्य कुणाचं?" मग, "आपण त्यांचे कोण?" मग हळू आवाजात, "त्यांच्या घरात वर्षभरात कुणी गेलंय का?" या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की रंग, काठ, जर, सगळं आपोआप ठरायचं. सख्ख्या बहिणीच्या घरचं लग्न असेल तर हवं तेवढं नटावं, तो मानच असतो. चुलत घरचं असेल तर करवलीपेक्षा एक पायरी खाली. ज्यांच्या घरात दुःख होऊन गेलंय त्यांच्याकडे जाताना भडक नाही. "आधी नातं सांग, मग कपाट उघड," हे तिचं वाक्य आमच्याकडे पोरांनाही पाठ होतं.

एकदाच मी तिचं ऐकलं नाही. आमच्या साहेबांच्या मुलीच्या रिसेप्शनसाठी मी कोट शिवायला टाकला होता. मोठ्याईनं विचारलं, "साहेब काय घालणार हाय?"

"मला काय माहीत?"

"मग दम खा जरा. त्याचं आधी कळू दे."

मी दम खाल्ला नाही. कोट घालून गेलो. साहेब अर्ध्या बाह्यांच्या शर्टात घाम पुसत इकडंतिकडं पळत होते. मंडपाच्या दारात एकटा मीच कोटात उभा. पाहुणे माझ्या पाया पडायला लागले. दोघांनी तर माझा हात हातात घेऊन सांगितलं की लेक सासरी जाताना बापाला किती वाईट वाटतं हे आम्ही समजू शकतो. साहेब लांबून बघत होते. त्यानंतर तो कोट मी कपाटात टांगला आणि खंडपीठाला शरण गेलो.

ती स्वतः मात्र कायम धुवट सुती पातळात असायची. एक राखाडी, एक बदामी, एक कसल्याशा रंगाचं, ज्याला आता नाव देता आलं नसतं. मोठे बाबा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून तर तिच्या अंगावर दुसरं काही पाहिल्याचं आठवत नाही. आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. न्यायाधीशाचा डगला रोज तोच असतो, तसं ते.

तर अशा या मोठ्याईपुढं एक दिवस बोटीचा खटला आला.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून श्रुतीनं, म्हणजे आमच्या मुलीनं, मुंबईहून गोव्याकडं जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलं. ती पुण्यात नोकरीला आहे आणि तिथं लोक असं करतात म्हणे. चौघांचं बुकिंग: मी, माझी बायको वंदना, ती आणि मोठ्याई. मोठ्याई तेवढी यायला तयार नव्हती. "मला काय करायचंय पाण्यात जाऊन," हा तिचा जबाब. पण पिशव्या भरायची वेळ आली तशी वंदनानं सवयीनं तिलाच फोन लावला.

"मोठ्याई, बोटीवर रात्रीच्या जेवणाला काय नेसायचं?"

"कार्य कुणाचं?"

"कार्य नाही हो. नुसतं जेवण."

"बरं, जेवण कुणाचं?"

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. मी श्रुतीला मेसेज केला. श्रुतीनं उलट मेसेज केला: 'म्हणजे???'

"बोटीचं," वंदना म्हणाली.

"बोट जेवायला घालती व्हय?"

"म्हणजे बोटवाल्यांचं."

"ते आपले कोण?"

"कुणीच नाहीत."

पलीकडे लसूण सोलायचा थांबला असावा. मग मोठ्याई म्हणाली, "उद्या सांगते." खंडपीठानं तारीख दिल्याचं आमच्या खानदानात कुणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला: "मी येते. तुम्ही लोकं तिथं काय घालून बसाल, सांगता येत नाय."

बोटीवर चढलो तेव्हा दुपार कलली होती. चौघांना मिळून एक केबिन. दोन पलंग खाली, दोन भिंतीतून बाहेर येणारे. पलंगावर एक कागद ठेवलेला. श्रुतीनं वाचला: आज संध्याकाळचं जेवण फॉर्मल, कॅप्टन स्वतः पाहुण्यांना भेटायला येतील. बस. तेवढ्या दोन ओळींनी आमचा घोळ सुरू झाला. श्रुती म्हणाली, फॉर्मल म्हणजे बाबा, तुम्ही कोट. मी म्हणालो, फॉर्मल म्हणजे ऑफिसला जातो तसं ना, शर्ट आत खोचून. वंदनाचं म्हणणं, बाकीचे काय घालतात ते आधी बघून येऊ. पण बाकीचेही तेच करत होते. मी दार किलकिलं करून पाहिलं तर समोरच्या दारातून एक गृहस्थ माझ्याकडेच बघत होते. त्यांनी वर सुटाचा कोट घातला होता आणि खाली बर्मुडा. आम्ही दोघांनी एकदमच दारं लावली.

मोठ्याई पलंगावर मांडी घालून बसली होती. तिनं सुनावणी सुरू केली.

"श्रुते, हे जेवण घालतंय कोण ते सांग आधी."

"कुणी नाही गं आज्जी. आपणच पैसे भरलेत."

"मग खानावळ हाय म्हण की. खानावळीत कशाला नटायचं?"

"नाही, नटावं लागतं."

"कुणासाठी?"

"स्वतःसाठी!"

मोठ्याई तिच्याकडे बघत राहिली. श्रुतीनं तिला चंद्रावरचा पत्ता सांगितला असता तरी ती इतकी गोंधळली नसती. मग तिला कागदातलं काहीतरी आठवलं.

"तो कॅप्टन येणार म्हणलीस ना भेटायला? मग तोच यजमान. त्याच्या घरात वर्षभरात कुणी गेलंय का, इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली रिसेप्शनवर गेलो. तिथं एक चुणचुणीत मुलगी होती. 'आपके कॅप्टनसाब के घर में इस साल कोई...' एवढं वाक्य मी लिफ्टमध्ये जुळवलं होतं. तिच्यासमोर ते निघेना. शेवटी मी विचारलं, "सँडल चलेगी क्या?" ती म्हणाली, "शुअर सर." मी वर येऊन सांगितलं, सगळे खुशाल आहेत.

त्यावर भराभर निकाल लागायला हवे होते, पण लागले भलतेच. श्रुतीनं बिनबाह्यांचा लांब काळा गाऊन काढला आणि वंदनाचा चेहरा पडला. आता मोठ्याई काय म्हणणार! मोठ्याईनं तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "घाल की. इथं तुझं सासरचं कुणी नाय, भावकीतलं कुणी नाय. झाकायचं कुणापासून?" वंदना बघतच राहिली. मग मी माझा कोट काढला, हो, तोच. तो मधल्या काळात कपाटात आटला होता. बटण आणि काज यांच्यात वीतभर अंतर. मोठ्याई म्हणाली, "उघडाच ठेव. वाऱ्याचं बरं." तिचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता. खात्री नसलेल्या माणसाचा होता. नात्याच्या प्रश्नाला उत्तरच नसलेला खटला ती अंदाजानं चालवत होती, आणि ते तिचं तिला कळत होतं.

वंदनानं खास या जेवणासाठी घेतलेली साडी काढली. मोरपंखी रेशमी, अजून घडीही न मोडलेली. मोठ्याईनं तिच्या काठावरून बोट फिरवलं. "चांगली हाय," म्हणाली आणि हात मागं घेतला.

"आता तुम्ही काय नेसणार मोठ्याई?" वंदनानं विचारलं.

"मला भूक नाय. तुम्ही जाऊन या. दशम्या आणल्यात मी."

आम्हाला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. मग वाटलं, बुजली असेल. श्रुती तिच्या गळ्यात पडली, मी हात जोडले. ऐकेना. शेवटी श्रुतीनं सरळ तिची पिशवी उघडली. आत तीन पातळं. राखाडी, बदामी आणि ते बिनरंगाचं.

"आज्जी, मी दिवाळीला पाठवलेली कुठंय?"

"ती आहेरात दिली."

"आणि मी संक्रांतीला दिलेली?" वंदना म्हणाली. "जांभळ्या काठाची?"

"ती बी दिली."

"एकही नेसला नाहीत?"

मोठ्याईनं पिशवी श्रुतीच्या हातातून काढून घेतली आणि तिची चेन लावत बसली. चेन अडकत होती. तिच्याकडेच बघत ती म्हणाली, "मला नवं अंगाला लावता येत नाय माय. दुखवटा निघाला नाय माझा."

श्रुतीला हा शब्दच नवा होता. तिला सांगावं लागलं. आमच्याकडे नवरा गेला की तेराव्याला बाईला माहेरहून लुगडं येतं. ते नेसलं की दुखवटा निघाला. मग तिनं पुन्हा चारचौघांत जावं, नवं ल्यावं, गोडाधोडाचं खावं. लुगडी सगळे सोयरेधायरे आणतात, पण पहिलं अंगाला लागायचं ते माहेरचं.

"भाऊ तर ह्यांच्या आधीच गेला," मोठ्याई म्हणाली. "भाचा सुरतला. त्याला यायला जमलं नाय, लेकरं बारीक. पिशोरचं आमचं घर बंद. तेराव्याला लुगड्यांचा ढीग पडला हो माझ्या पुढ्यात, पण त्यात माहेरचं नव्हतं. आता ढिगात कोण बघतं कुणाचं काय. बायांनी त्यातलं एक उचललं, माझ्या खांद्यावर टाकलं, झालं. मी रात्री घडी घालून ठेवून दिलं."

"पण मग सांगायचं ना कुणाला तरी!" श्रुती म्हणाली.

"काय सांगू? मला माहेर द्या म्हणून? मागून घेतलेलं माहेर असतं का?"

"मग हा नियम मोडायचा, आज्जी. सगळे नियम तर तूच करतेस."

"मी केले असते," मोठ्याई म्हणाली, "तर पयला हाच खोडला नसता का?"

 बाहेर स्पीकरवर कुणीतरी इंग्रजीत आणि मग हिंदीत आम्हाला जेवायला बोलावत होतं. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी एक मोजा घातला. म्हणजे इतकी वर्षं ही बाई दुनियेला लग्नामुंजीचे कपडे ठरवून देत होती, आणि त्यातल्या एकाही लग्नाला ती... मी आठवू लागलो. पंगतीत ती कुठं बसायची? आठवेना. माझा दुसरा मोजा कुठं गेला तेही कळेना.

तेवढ्यात वंदना उठली आणि मोठ्याईच्या समोर येऊन उभी राहिली.

"मोठ्याई, मी कुठली?"

"काय?"

"मी कोणत्या गावची?"

"पिशोरची," मोठ्याई म्हणाली.

खरंच होतं. वंदनाचं माहेर पिशोरच. मोठ्याईनंच आपल्या गावातली पोर म्हणून तिचं स्थळ माझ्यासाठी आणलं होतं. पण दोघींची घरं गावाच्या दोन टोकांना, भावकी वेगळी. म्हणून ते नातं कधी कुणी मोजलं नव्हतं.

"मग माहेरचं माणूस तर इथंच आहे," वंदना म्हणाली आणि मोरपंखी साडी उचलली.

मोठ्याईनं मान हलवली. "सुनेचं चालत नाय. तू माझी सून हायस. सासरचं माणूस."

"सून मी पंचवीस वर्षांची. पिशोरची त्याच्या आधीची."

एखाद्याशी दोन्हीकडून नातं निघालं तर जुनं धरायचं, हा मोठ्याईचाच नेम. वरपक्षातही आपण आणि वधूपक्षातही आपण असं झालं की ती तो लावायची. आता तो तिच्यावरच आला.  कधी नव्हे ते न्यायाधीश आणि पक्षकार एकाच पलंगावर बसले होते.

"नातं सांगितलं," वंदना म्हणाली. "आता?"

मोठ्याईनं एकदा श्रुतीकडे पाहिलं, एकदा माझ्या पायातल्या एकट्या मोज्याकडे पाहिलं. मग खाकरून म्हणाली, "आता अशी हातात नाय द्यायची. माहेर दारातून येतं. भाईर जा तू, अन् दार वाजवून ये. डोक्यावर पदर घे. बापू, तू बी नीघ. बायांचं काम हाय."

म्हणून मी आणि वंदना बाहेर आलो. तिच्या अंगावर प्रवासातला पंजाबी ड्रेस, डोक्यावर ओढणी, दोन्ही हातांवर साडी. तिनं दार वाजवलं. श्रुतीनं उघडलं. ती आत गेली आणि दार मागून आपोआप बंद झालं, त्या दारांना ती सवयच असते. मी एका पायात मोजा, अंगात न मिटणारा कोट अशा थाटात त्या लांबलचक गालिच्यावर उभा राहिलो. सूटबूट, झगे, अत्तरं माझ्या समोरून जेवायला चालली होती. समोरचे बर्मुडावाले गृहस्थ आता पूर्ण सुटात होते. त्यांनी मला लिफ्टची वाट हातानं दाखवली. मी नमस्कार केला.

मग आतून रडणं ऐकू आलं. पिशोरच्या बाया रडतात तसं, मोठ्यानं, गेलेल्याला हाका मारत. आधी वंदनाचा आवाज, मग त्यात मोठ्याईचा मिसळला. मोठ्या बाबांच्या तेराव्यालाही मी तिला असं रडताना ऐकलं नव्हतं. टॉवेल घेऊन चाललेला एक कर्मचारी थबकला.

"सर, एव्हरीथिंग ओके?"

"हाँ हाँ," मी म्हणालो. "घर का कार्यक्रम है."

रडणं थांबलं. पाण्याचा आवाज आला. चेहऱ्यावरून पाणी फिरवतात ते असणार.  आणि मग श्रुतीचं हसू, आणि त्यापाठोपाठ दोघींचं.

दार उघडलं तेव्हा मला आधी कुणीच ओळखू येईना. मोठ्याई मोरपंखी साडीत. ब्लाउज तिचाच, रोजचा पांढरा, कारण वंदनाचा तिला होत नव्हता. आणि वंदनाच्या अंगावर मोठ्याईचं राखाडी पातळ. "मला दुसरी साडी कुठं होती?" ती म्हणाली. "पंजाबीवर जेवायला येऊ का?" मी मोठ्याईकडे बघून म्हणालो, "छान आहे." पुढचं वाक्य मी वेळीच गिळलं.

जेवणाच्या हॉलमध्ये झुंबरं, पांढरे टेबलक्लॉथ आणि इतके काटेचमचे की कोणता कशासाठी हे शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारच्या टेबलावरची, मुंबईची असावी अशी एक बाई उठून वंदनाजवळ आली. तिनं राखाडी पातळाचा पदर चिमटीत धरला आणि विचारलं, असं मऊ हातमागाचं हल्ली कुठं मिळतं? वंदनानं मोठ्याईकडे बोट केलं. मोठ्याई त्या बाईला म्हणाली, "लई धुवावं लागतं त्याला." कॅप्टन आला. मोठ्याई खुर्चीतून उठली, हात जोडले आणि आमच्या शहरी हिंदीत विचारलं, "घर में सब खुशाल ना?" त्यानं थोडा विचार केला आणि हो म्हणाला. मग तिनं वाढणाऱ्याला थांबवून आधी गोड मागितलं. चॉकलेटचं काहीतरी आलं. तिनं पहिला घास वंदनाकडून भरवून घेतला. कसं लागतं, असं मी विचारलं तर म्हणाली, "काळं दिसतंय, पण गोड हाय." आणि ते सगळं संपवलं.

परत आल्यावर ती लग्नांना जाऊ लागली. नुसती निकाल द्यायला नव्हे, नेसायला. जांभळ्या काठाची पुन्हा कुणाकडून तरी आली ती नेसली, श्रुतीनं पाठवलेली गुलाबी नेसली, दौलताबादच्या एका लग्नात तर मांडवात पहिल्या रांगेत बसली आणि करवल्यांना नावं ठेवली. फोन आले की पूर्वीसारखेच प्रश्न विचारायची. फक्त कधी कधी, उत्तरं देणाराच गोंधळलेला असला, तर म्हणायची, "जाऊ दे, तुला आवडती ती नेस." पोरी घाबरून पुन्हा फोन करायच्या: मोठ्याईची तब्येत बरी आहे ना?

यंदा थंडी सरता सरता ती गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. मुकुंदवाडीला माणसं जमली. अंगणात पाणी तापवायला ठेवलं गेलं आणि मग जुन्या बायांपैकी एकीनं विचारलं, तिला शेवटचं नेसवायचं ते माहेरचं लागतं, माहेरचं कुणी आलंय का? सुरतचा भाचा गाडीत होता, पोचायला रात्र झाली असती. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. वंदना मागं भिंतीशी बसली होती. ती उठली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "गाडी काढा. गुलमंडीला जायचंय."

गुलमंडीतला साड्यांचा दुकानदार जाणता होता. आमचे चेहरे पाहून त्यानं काही विचारलं नाही. खालच्या फळीवरून एक गठ्ठा काढून समोर ठेवला. अशा कामासाठी वेगळ्याच असतात त्या. पातळ सुताच्या, काठ छापलेला. वंदनानं तो गठ्ठा बाजूला सारला.

"चांगल्या दाखवा."

"ताई, याला कुणी..." तो म्हणाला आणि थांबला. मग वर चढून त्यानं चांगल्या काढल्या. एक, दुसरी, पाचवी. गादीवर रंगांचा ढीग झाला. माझा फोन वाजत होता. चुलतभाऊ विचारत होता, अजून किती वेळ? मी म्हणालो, ठरत नाहीये. वंदना एकेक घडी उलगडत होती, काठ चिमटीत धरत होती, उजेडात नेऊन बघत होती. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. शेवटी तिनं एक डाळिंबी उचलली, सवयीनं पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि आरशासमोर उभी राहिली. दुकानदारानं मान खाली घातली.

"कशी दिसते?" तिनं आरशातूनच मला विचारलं.

मी नीट पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच असं पाहत असेन.

"थोडी फिकी वाटते," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली, साडी खांद्यावरून काढली आणि दुकानदाराला म्हणाली, "त्या वरच्या दाखवा."